विजेच्या पॉइंटला चांदी, सोने की कथील?

उन्हाळा लागला, विहिरी खाली गेल्या की तासगाव, विटा, वडूज, दहिवडी या बाजूच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत गर्दी होते. जळालेली मोटार आणि तिच्यासोबत काळा पडलेला स्टार्टर घेऊन शेतकरी येतो. मिस्त्री मोटार भरून देतो आणि स्टार्टरचे पॉइंट बदलतो. शेतकरी विचारतो, "मिस्त्री, पॉइंट चांदीचेच हायत न्हवं?" मिस्त्री म्हणतो, "चांदीचेच आहेत अण्णा, बघा की कसे चमकतात." पैसे देऊन शेतकरी जातो. दोन महिन्यांनी तोच स्टार्टर पुन्हा दुकानात! एक पॉइंट झिजून खाली पितळ दिसू लागलेले, त्यामुळे तीनपैकी एक फेज गेलेली आणि दोन फेजवर घरघरत मोटार पुन्हा जळालेली.

गंमत अशी की, मिस्त्री खोटे बोललेला नव्हता. पॉइंटवर चांदी होती. पण किती होती, कशावर होती आणि त्या जागी ती टिकणार होती का, हे ना दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याला विचारले, ना व्यापाऱ्याने मुलामा करणाऱ्या कारखान्याला. मोटार मात्र शेतकऱ्याची गेली, आणि मिस्त्रीचे नाव.

आपल्या वाचकांपैकी बरेच जण या साखळीत कुठे ना कुठे आहेत. कोणी वाइंडिंग करतो, कोणाचे इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान आहे, कोणी कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मुलाम्याचे काम करतो, कोणी भंगार घेतो. म्हणून विजेच्या जोडाला कोणता धातू लावावा हा विषय जरा सविस्तर पाहू.

धातूचे दोन सपाट तुकडे एकमेकांवर दाबले की ते पूर्ण टेकले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते थोड्याच बारीक टोकांवर टेकतात. कितीही गुळगुळीत केले तरी पृष्ठभाग म्हणजे डोंगर-दऱ्याच असतात, आणि वीज फक्त भिडलेल्या शिखरांतून जाते. स्वीडनचे रॅग्नर होल्म यांनी या विषयावर आयुष्य घालवले आणि आजही या शास्त्रात त्यांचेच नाव आधी घेतात. या बारीक टोकांवर गंजाचा किंवा काळपटपणाचा पापुद्रा बसला की वाट अरुंद होते, जोड तापतो, तापला की पापुद्रा आणखी वाढतो. जोड जळण्याची सुरुवात ही अशी होते.

आता चांदी महाग असूनही का वापरतात? बहुतेक जण सांगतील, ती वीज सर्वांत चांगली नेते. खरे आहे. तांब्याला १०० गुण दिले तर चांदीला सुमारे १०५ मिळतात. पण त्या पाच गुणांसाठी कोणी एवढे पैसे मोजणार नाही. सोन्याला तर ७० च्या आसपासच मिळतात, निकेलला २५ आणि कथलाला १५. मग सोने का लावतात? उत्तर पापुद्र्यात आहे. तांब्यावर बसणारा गंज वीज अडवतो. चांदीवर हवेतल्या प्राणवायूचा फारसा परिणाम होत नाही, आणि जो थोडा होतो तो वीज अडवत नाही. सोन्यावर काहीच होत नाही. म्हणजे आपण पैसे मोजतो ते वरचा चेहरा स्वच्छ राहावा यासाठी. (तांब्याच्या जागी सरसकट चांदी वापरल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे दुर्मिळ झाले, तेव्हा अमेरिकेने अणुबॉम्बच्या कामातील प्रचंड विद्युतचुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून १३ हजार टनांच्या वर चांदी उसनी घेतली आणि युद्धानंतर ती परत केली! आपल्याला तो मार्ग परवडणारा नाही.)

तेव्हा मुलामा निवडताना पहिला प्रश्न हा, की या जागी ठिणगी पडते का?

पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटार चालू असताना साधारण सात अँपिअर घेते. पण डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना ती क्षणभर त्याच्या सहा-सात पट, म्हणजे ४५ ते ५० अँपिअर ओढते. पॉइंट जुळताना आणि सुटताना मध्ये जी ठिणगी उडते तिची उष्णता हजारो अंशांची. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मुलामा असतो पाच मायक्रॉनचा, फार तर दहाचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि डोक्याचा केसच साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. अशा ठिणग्यांपुढे पाच मायक्रॉनचा पापुद्रा किती दिवस पुरणार? म्हणून जिथे भार जोडला-तोडला जातो तिथे मुलामा चालत नाही, मग तो कितीही उत्तम असो. तिथे चांदीची भरीव टिकली हवी, तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीवर झाळलेली किंवा रिव्हेटने बसवलेली.

ही टिकलीही शुद्ध चांदीची नसते. शुद्ध चांदी मऊ, ठिणगीने वितळून समोरच्या टिकलीला चिकटते. म्हणून लहान रिलेत चांदीत दहा टक्क्यांच्या आसपास निकेल घालतात, आणि मोठ्या कॉन्टॅक्टरमध्ये चांदीत कॅडमियम ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइडचे कण मिसळतात. ते कण पॉइंट चिकटू देत नाहीत. अशी टिकली दिसायला मंद, राखाडी पांढरी असते. उलट पितळेवर चांदीचे पाणी दिलेला पॉइंट आरशासारखा चमकतो. म्हणजे चमक पाहून घेणारा गिऱ्हाईक इथे हमखास फसतो. खात्री करायची असेल तर नव्या मालातला एक नग बाजूला काढून कानस कडेवरून दोनदा फिरवावी. लगेच पिवळे किंवा तांबडे दिसले तर तो वर्ख समजावा. बर्फीवर लावतो तो चांदीचा वर्ख एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, आणि बाजारातले काही पॉइंट त्याच्याहून फार जाड नसतात. नुसते चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवूनही पितळ पांढरे होते. करंट लावायचीसुद्धा गरज पडत नाही.

मोटारच्या धंद्यातली आणखी एक समजूत इथेच सांगून टाकतो. जुन्या गाड्यांतल्या डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटना काही मिस्त्री अजून 'प्लॅटिनम' म्हणतात. फार पूर्वीच्या मॅग्नेटोत प्लॅटिनम असे. नंतरच्या गाड्यांत ते टंगस्टन असायचे. ठिणगी सहन करायला टंगस्टन उत्तमच, पण त्यात मौल्यवान काही नाही. भंगारवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग चांदीचा मुलामा कुठे करावा? जिथे मोठा करंट जातो पण ठिणगी पडत नाही, किंवा क्वचित पडते तिथे. पॅनेलमधल्या बसबारचे सांधे, आयसोलेटरची पाती, प्लग-इन जबडे, फ्यूजची बैठक, मोठ्या लिफ्ट इरिगेशन पंपांच्या पॅनेलमधले जोड. आपल्या दोन जिल्ह्यांत टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना आहेत, शिवाय कृष्णाकाठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत. तेव्हा या कामाला तोटा नाही.

या कामात फसवणूक होते ती जाडीत. ऑर्डर पाच मायक्रॉनची, माल दोनचा. जाडी मोजण्याचे एक्स-रे यंत्र महाग, सगळ्यांकडे नसते. पण आपल्या सराफाकडे काटा असतो आणि तो पुरेसा आहे. हिशेब असा. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन चांदी बसली की वजन १.०५ मिलिग्रॅमने वाढते. एका नगाचे सर्व बाजूंचे क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटर असेल आणि मुलामा पाच मायक्रॉनचा असेल तर प्रत्येक नगावर २१ मिलिग्रॅम चांदी बसायला हवी. शंभर नगांवर २.१ ग्रॅम. शंभर नग टाकीत घालण्यापूर्वी तोला, आणि धुऊन वाळवून पुन्हा तोला. एक ग्रॅमच वाढले असेल तर अर्धी चांदी कुठे गेली ते विचारा. मध्ये निकेल किंवा तांब्याचा थर द्यायचा असेल तर तो झाल्यावरचे वजन पहिले धरावे, नाही तर हिशेब चुकेल. आणि ही सरासरी झाली, कडांवर मुलामा जास्त बसतो, खाचेत कमी.

कारागिरालाही हाच हिशेब उलट बाजूने उपयोगी पडतो. एक अँपिअर करंट एक तास चालला तर चांदी चार ग्रॅम बसते. शंभर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर लावला तर पाच मायक्रॉनला साधारण आठ मिनिटे लागतात. जो कारागीर दोन मिनिटांत नग बाहेर काढतो तो पाच मायक्रॉनचे पैसे घेऊ शकत नाही.

आणि वाचवले किती? हिशेबाला सोपे म्हणून चांदीचा भाव किलोला एक लाख धरू (२०२५ सालात तो त्याच्याही बराच वर गेला). २१ मिलिग्रॅमचे होतात दोन रुपये दहा पैसे. अर्धी चांदी कापून नगामागे रुपयाची बचत, आणि तिच्यासाठी हजारोंचे पॅनेल धोक्यात!

सोन्याचा हिशेब वेगळा आहे. तोळा एक लाखाचा धरला तर एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन सोने बसवायला सुमारे १९ रुपये लागतात. तेवढ्याच चांदीला दहा पैसे. त्यामुळे सोने नगभर लावायचे नसते, टेकणाऱ्या टोकापुरतेच लावायचे. आणि ते लावायचे अगदी क्षीण करंटच्या जागी: सेन्सर, कंट्रोल कार्ड, मोजमापाची उपकरणे. तिथे व्होल्टेज इतके कमी असते की बारीकसा पापुद्राही त्याला फोडता येत नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात रुग्णाच्या हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्राच्या जोडातून जाणारा संकेत मिलिव्होल्टचा असतो. तिथे काळवंडलेल्या पिनेमुळे आलेख बिघडतो. मिरजेच्याच सतारीचे उदाहरण घ्या. तलवारींना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे सतार-तंबोऱ्याची कला वाढवली, आणि मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आता कार्यक्रमासाठी सतारीला पिकअप बसवून घेणारे वादक येतात. त्या पिकअपच्या जॅकमध्ये ठिणगी नाही, भार नाही, फक्त हलकासा संकेत आहे. कार्यक्रमात खरखर आली तर आधी तो जॅक पाहावा. सोन्याचा मुलामा तिथे शोभेचा नाही.

पण सोन्याचेही दोन प्रकार आहेत. शुद्ध सोने मऊ, घासले की निघते. वारंवार लावायच्या-काढायच्या पिनेला किंचित कोबाल्ट किंवा निकेल घातलेले कडक सोने लागते, आणि जाडी पाऊण ते सव्वा मायक्रॉन. बाजारात 'गोल्ड प्लेटेड' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पिनांवर ते मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढे असते. पाच-पंचवीस वेळा काढल्या-लावल्या की संपले. उलट, ज्या रिलेत चांदीवर सोन्याचा पातळ मुलामा आहे त्याने एकदा जरी मोठा भार तोडला तरी सोने जळून जाते. नंतर तोच रिले क्षीण संकेताला वापरू नये. जुने रिले काढून विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगायला हवे.

सोने असो की चांदी, पितळेवर थेट लावू नये. सोन्याच्या पातळ थरातून तांबे हळूहळू वर येते, पितळेतले जस्तही चांदीतून वर सरकते. मध्ये दोन-तीन मायक्रॉन निकेल असले की वाट बंद होते. चांदीच्या बाबतीत आधी अगदी पातळ द्रावणात 'स्ट्राइक' द्यावा लागतो. तो टाळला तर चांदी धरत नाही आणि नखाने सालपटे निघतात. घाई करणारे नेमके हेच टाळतात.

आता चांदीचा शत्रू. तो आहे गंधक. चांदीवरचा काळा थर गंधकाचा असतो. त्याचे आपल्याकडे काय काय मार्ग आहेत पाहा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत भुरीवर गंधक मारतात, आणि गंधकाची पिशवी बऱ्याचदा स्टार्टरच्याच खोलीत ठेवलेली असते. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. ती दमट हवेत तांबे आणि निकेल दोन्ही खाते. साखर कारखान्याच्या मळीपासून दारू काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, तो चांदीला फारच लवकर काळी करतो. अशा जागी क्षीण संकेताला चांदी घालणे म्हणजे तक्रार ओढवून घेणे. तिथे सोनेच हवे, किंवा पेटी हवाबंद. साठवणुकीतही काळजी हवी. चांदीचा मुलामा केलेले नग रबर बँड लावून ठेवू नयेत, रबरातही गंधक असतो.

मोठ्या भाराच्या पॉइंटवर मात्र तो काळपटपणा फारसा नडत नाही. दाब आणि घासणीने तो मोडतो. म्हणून काळा दिसला की पॉलिश पेपर घेऊन बसू नये. हे मी अनुभवाने सांगतो. एकदा मी उत्साहाने एका शेजाऱ्याच्या स्टार्टरचे सहाही पॉइंट पॉलिश पेपरने लख्ख केले होते. चांदी गेली ती गेलीच, वर कागदाचे खरखरीत कण मऊ चांदीत रुतून बसले. महिन्याभरात पॉइंट तापू लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा बुडालेले स्टार्टर अनेकांनी असेच घासून पुन्हा लावले. बुडालेला कॉन्टॅक्टर आणि एमसीबी बदलूनच टाकावा, असे बनवणारे सांगतात, आणि ते फक्त त्यांच्या विक्रीसाठी नाही.

राहिले कथील. कल्हईवाल्यांचा धातू. पितळी पातेल्याला जी कल्हई, तीच केबलच्या लगला टिन प्लेटिंग. या यादीत सर्वांत स्वस्त, आणि घट्ट आवळलेल्या जोडाला पुरेसे. कथलावरचा गंज कडक पण पातळ असतो, जोरात दाबला की फुटतो आणि खालचे मऊ कथील भिडते. म्हणून दाब हवा. सैल जोडाला किंवा सतत थरथरणाऱ्या जागी, जसे इंजिनावर, कथील लावले तर प्रत्येक थरथरीत नवा गंज तयार होऊन काळी भुकटी साचते. कथलाची पिन सोन्याच्या सॉकेटमध्ये कधीही घालू नये. अॅल्युमिनियमची तार पितळेच्या टर्मिनलला थेट बांधण्याची आपल्याकडची सवयही मोडायला हवी. मध्ये कथील चढवलेला किंवा अर्धा तांबे-अर्धा अॅल्युमिनियमचा लग घ्यावा.

पॅलेडियम नावाचा आणखी एक धातू आहे. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेत तो असे. त्याचा भाव काही वर्षांपूर्वी सोन्याच्याही वर जाऊन खाली आला. आपल्या कामात त्याचा संबंध भंगारापुरताच.

आणि भंगारापाशीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हे दुष्काळी तालुके. तिथली माणसे सोने-चांदी गाळण्याचा गलाई धंदा घेऊन देशभर गेली आहेत. जुन्या कॉन्टॅक्टरच्या टिकल्या भंगारातून गोळा होऊन शेवटी कुठल्या तरी गलाईच्या मुशीत पडतात. त्यात चांदी भरपूर असते म्हणून भाव चांगला येतो. पण जुन्या टिकल्यांपैकी पुष्कळांत कॅडमियम असते. सराफ मंडळींना 'केडीएम' हा शब्द माहीत आहे. तो याच कॅडमियमच्या झाळणीमुळे आला, आणि कारागिरांच्या छातीवर परिणाम होतो म्हणूनच ती झाळण मागे पडली. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. म्हणजे चांदी वितळायच्या आधीच ते मुशीतून धूर होऊन निघते. कोळशाच्या आचेवर तर हमखास. त्या क्षणी फारसे काही जाणवत नाही. काही तासांनी थंडी-ताप, खोकला, छातीत जडपणा येतो, माणूस फ्लू समजून झोपतो. जास्त धूर गेला तर फुप्फुसात पाणी होऊन जीव जाऊ शकतो. थोडा थोडा वर्षानुवर्षे गेला तर मूत्रपिंड निकामी होते. तोंडाला बांधलेला रुमाल याला काही उपयोगाचा नाही. टिकल्या विकणाऱ्याने त्या कशातून काढल्या ते सांगावे, आणि गाळणाऱ्याने धूर ओढून गाळणारी व्यवस्था नसेल तर तो माल मोठ्या शुद्धीकरण कारखान्याला विकावा. चार पैसे कमी मिळतील.

मुलाम्याच्या टाकीचेही तसेच. चांदी-सोन्याच्या द्रावणात सायनाइड असते. निकेलच्या आधीची तेजाबाची टाकी आणि सायनाइडची टाकी शेजारी ठेवू नये, दोघांचे धुणावळीचे पाणी एका गटारात सोडू नये. तेजाब आणि सायनाइड एकत्र आले की विषारी वायू सुटतो. प्रदूषण मंडळाने हा धंदा लाल वर्गात घातला आहे, परवानगी घेतल्याशिवाय टाकी मांडू नये.

नवी ऑर्डर घेताना चिठ्ठीवर 'चांदी प्लेटिंग, १००० नग' एवढेच लिहून चालणार नाही. धातू कोणता, किती मायक्रॉन, खाली निकेल किती, मुलामा पूर्ण नगावर की टोकावर, जोडातून करंट किती आणि तो चालू भारावर तुटतो की नाही, हे सारे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावे. शेवटच्या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले तर ऑर्डर हातची गेली तरी चालेल, पण तिथे मुलामा नको, टिकली बसवा असे सांगावे.